अर्ज केला, पुढं काय? आयटी कंपन्यांच्या भरतीबद्दल सांगली-साताऱ्याकडून येणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), कराड, सातारा या पट्ट्यातली मुलंमुली मला आयटीतल्या नोकरीबद्दल वर्षभर विचारत असतात. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि आता इंटरव्ह्यू घ्यायलाही बसते, त्यामुळं टेबलाच्या दोन्हीकडचं माहीत आहे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण निम्म्या मेसेजमागं तीच असते. कंपनीनं उत्तर दिलं नाही यावरून स्वतःची लायकी ठरवू नका. उत्तर न येण्याची कारणं बहुतेक वेळा कंपनीच्या आतली असतात. आणि कारण काहीही असलं तरी माणसाला ताटकळत ठेवणं चुकीचंच आहे.

१. ताई, अर्ज केला, 'तुमचा अर्ज मिळाला' असा मेल पण आला. आता किती दिवस वाट बघू?

वाट बघत बसू नका, दुसरीकडं अर्ज चालू ठेवा. तो मेल आपोआप सुटतो. तुमचा रेझ्युमे कुणी उघडला असा त्याचा अर्थ नाही. जागा निघाली की बहुतेक ठिकाणी आधी आतल्या आत कुणाची बदली होते का ते बघतात, मग कर्मचाऱ्यांनी सुचवलेली नावं, आणि मग पोर्टलवरचे अर्ज. जागा भरल्यावरही जाहिरात काढायची राहून जाते आणि लोक तिच्यावर अर्ज करत राहतात. म्हणून जाहिरातीची तारीख बघा. ताज्या जाहिरातीला वेळ द्या, महिनाभर जुनीला फार जीव लावू नका.

दोन आठवड्यांनी एक छोटा मेल पाठवा. त्यालाही उत्तर नाही आलं तर पुढं चला. मात्र प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा: कंपनी, पद, जॉब आयडी, तारीख, कुठला रेझ्युमे पाठवला, कुणाशी बोललात. एचआरचा (कंपनीच्या भरती विभागाचा) फोन तुम्ही एसटीत उभे असताना येतो, आणि 'कुठल्या पोस्टसाठी?' असं तुम्हीच विचारलंत की पलीकडचा माणूस तिथंच थंड होतो. ही शीट पुढंही बऱ्याच ठिकाणी कामाला येते (प्रश्न १० आणि १३).

२. रेझ्युमे माणूस बघतच नाही, सॉफ्टवेअरच नाकारतं असं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. सॉफ्टवेअर रेझ्युमेतला मजकूर वाचून रकान्यांत भरतं आणि अर्जांची क्रमवारी लावतं. बाद होण्याचं मोठं कारण मात्र बहुतेक वेळा फॉर्ममधले साधे प्रश्न असतात: पासआउट वर्ष, टक्के, नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर जुन्या ठिकाणी काढायचे दिवस), गाव सोडून यायची तयारी. तिथं अट बसली नाही की अर्ज माणसापर्यंत जातच नाही.

रेझ्युमे तपासायची एक सोपी रीत आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथं ओळी एकमेकांत घुसल्या, फोन नंबर गायब झाला किंवा काहीच कॉपी झालं नाही, तर सॉफ्टवेअरलाही तसंच दिसणार. दोन रकान्यांची रंगीत टेम्प्लेट, 'जावा ८० टक्के' दाखवणाऱ्या पट्ट्या, फोटो, हे सगळं काढा. जाहिरातीतले जे शब्द तुम्हाला खरोखर लागू आहेत ते तसेच्या तसे वापरा. जे येत नाही ते लिहू नका. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न नेमका त्यावर येतो.

३. माझा दहावीनंतर डिप्लोमा झालाय. फॉर्म बारावीचे मार्क टाकल्याशिवाय पुढंच जात नाही.

मिरज किंवा कराडच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्या सगळ्यांना हा अडथळा लागतो. आधी 'बारावी/डिप्लोमा' असा पर्याय कुठं दडलाय का ते नीट बघा, बऱ्याचदा असतो. नसेल तर त्या रकान्यात डिप्लोम्याचे टक्के टाका, बोर्डाच्या जागी तंत्रशिक्षण मंडळाचं नाव लिहा, आणि त्याच दिवशी एचआरला किंवा पोर्टलच्या मदत-मेलवर कळवा की हा रकाना डिप्लोम्याच्या मार्कांनी भरलाय. तो पाठवलेला मेल जपून ठेवा. अंदाजे आकडा मात्र कधीही टाकू नका. पुढं कागदपत्रं तपासताना 'बारावीचं मार्कशीट द्या' म्हणतात, आणि तेव्हा चूक फॉर्मची होती हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते.

४. सगळीकडं ६० टक्के मागतात. माझे ५९.४ आहेत, ६० लिहू का?

नाही. ५९.४ म्हणजे ५९.४. सीजीपीए असेल तर तुमच्या विद्यापीठानं किंवा स्वायत्त कॉलेजनं दिलेलं सूत्रच वापरा, नेटवरचं नको. अट न घालणाऱ्या कंपन्या आहेत, विशेषतः कोडिंग टेस्टवर निवड करणाऱ्या आणि लहान प्रॉडक्ट कंपन्या. वेळ तिथं घाला.

५. दुसऱ्या वर्षाला एटीकेटी (काही विषय राहिलेले) होती आणि एक वर्ष वायडी (वाया) गेलं. सांगावं लागतं का?

विचारलं तर सांगायचं, खरं सांगायचं, आणि दोन वाक्यांत सांगायचं. 'अजून विषय राहिलेत का' आणि 'कधी राहिले होते का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, फॉर्म नीट वाचा. बहुतेकांना पहिल्याचीच चिंता असते. वर्ष वाया गेल्याचं कारण विचारतील: घरातलं आजारपण, २०१९ चा महापूर, अभ्यास झेपला नाही, जे असेल ते सरळ सांगा आणि त्यानंतर काय केलं तिकडं वळा. काही कंपन्या गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, त्याच्या स्टॅम्पबद्दल पुढच्या उत्तरात.

६. मार्कशीटवर वडिलांचं नाव 'बाळासो' आहे, आधारवर 'बाळासाहेब', आणि पॅनवर मधलं नावच नाही. व्हेरिफिकेशनला अडकेल का?

अडकू शकतं, आणि आपल्या भागातल्या मुलांचं इथंच सगळ्यात जास्त अडकतं. म्हणून सविस्तर लिहिते.

दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. कंपनीच्या फॉर्ममध्ये आधी नाव, मधलं नाव, शेवटी आडनाव. मुलं मार्कशीट बघून भरतात आणि 'पाटील' हे पहिलं नाव होऊन बसतं. पुढं ऑफर लेटर 'डिअर पाटील' म्हणून येतं, पगाराच्या खात्याचं नाव जुळत नाही. त्यात वडिलांच्या नावाचा घोळ. शाळेत गुरुजींनी 'बाळासो' लिहिलेलं, आधार काढताना कुणीतरी 'बाळासाहेब' सांगितलेलं. तपासणारी एजन्सी अक्षरं जुळवते, आणि तिथं बसलेला माणूस दुसऱ्याच राज्यातला असला तर दोन्ही एकच हे त्याला कळायचं काही कारण नाही. तो शेरा मारतो, 'नाव जुळत नाही', आणि जॉइनिंग थांबतं.

दहावीचं मार्कशीट हा पाया धरा, कारण शाळा सोडल्यावर ते बदलणं सगळ्यात अवघड. पॅन, आधार, बँक त्याच्याशी जुळवून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग कागदावर लिहून, दुसऱ्याकडून तपासून मगच केंद्रावर जा. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, आधारवरच्या नावानं निघतो, त्यामुळं हे काम शेवटच्या वर्षात उरकलेलं बरं. ऑफर आल्यावर धावपळ करून होत नाही.

वेळच नसेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र करून देता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० आणि २०० रुपयांच्या स्टॅम्पच्या जागी ५०० रुपयांचा लागतो, तेवढे पैसे धरून चला. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना बहुधा विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. नाव पूर्णच बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्या, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो.

७. टेस्ट चालू असताना लाइट गेली. आता?

पहिल्या पाच मिनिटांत काय करता यावर बरंच अवलंबून आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून त्याच लिंकनं परत आत जायचा प्रयत्न करा, बऱ्याच टेस्ट थांबल्या तिथून सुरू होतात. नाही झालं तर स्क्रीनचा फोटो काढा, वेळ टिपा, आणि टेस्ट घेणाऱ्या संस्थेच्या मदत-मेलवर आणि कंपनीच्या एचआरला एकाच मेलमध्ये कळवा. महावितरणचा वीज बंद असल्याचा मेसेज आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. तो पुरावा चालतो. त्याच दिवशी मेल गेलेल्यांना दुसरी लिंक मिळालेली मी पाहिली आहे, चार दिवसांनी मेल करणाऱ्यांना नाही.

टेस्टची वेळ निवडायची मुभा असेल तर तुमच्याकडं देखभालीसाठी वीज कुठल्या वारी बंद असते ते बघून निवडा. रेंज नसलेल्या गावात असाल तर आदल्या दिवशी तालुक्याला मित्राकडं किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये जा. खोलीत मागं कुणी फिरलं तरी कॅमेरा नोंद घेतो, घरच्यांना तेवढं आधी सांगून ठेवा.

८. समोर माणूसच नाही, प्रश्न स्क्रीनवर येतो आणि आपण एकटंच बोलायचं. हे काय असतं?

रेकॉर्ड केलेला इंटरव्ह्यू. प्रत्येक प्रश्नाला ठरावीक सेकंद मिळतात, मग ती फीत कुणीतरी बघतं किंवा आधी सॉफ्टवेअर गुण देतं. मला ही पद्धत पसंत नाही, कारण उमेदवाराला उलट एकही प्रश्न विचारता येत नाही. पण पहिल्या नोकरीला नाही म्हणणं परवडत नाही, तर आदल्या दिवशी मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करून सराव करा. उत्तर शेजारच्या स्क्रीनवरून वाचू नका, डोळे फिरतात ते स्पष्ट दिसतं.

९. घरी करायला प्रोजेक्ट दिला. चार दिवस राबून दिला, नंतर काहीच कळवलं नाही. हे फुकट काम करून घेणं नाही का?

कधीकधी असतं. ओळखायचं कसं? काल्पनिक विषय असेल, सगळ्यांना तोच असेल आणि एका संध्याकाळीत होण्यासारखा असेल, तर ती परीक्षा आहे. कंपनीच्या चालू वेबसाइटमध्येच बदल मागितला, त्यांचा खरा डेटा दिला, 'पूर्ण चालणारं ॲप द्या' म्हणाले, तर ते काम आहे.

सुरू करण्यापूर्वी मेलवर दोन गोष्टी विचारा: किती तासांचं अपेक्षित आहे आणि तपासल्यावर चर्चेचा राउंड होणार का. याचं उत्तर न देणाऱ्या कंपनीला चार दिवस देऊ नका. कोड स्वतःच्या गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर), स्वतःच्या नावानं ठेवा. नोकरी नाही लागली तरी पुढच्या इंटरव्ह्यूत दाखवायला तो तुमच्याकडं राहतो. आमच्याकडं उमेदवाराला घरी काम द्यायचं ठरतं तेव्हा, ज्याच्याकडं ते वाचायला वेळ नाही त्यानं देऊच नये, हे मी दरवेळी बोलून दाखवते.

१०. पाच राउंड झाले, सगळे चांगले गेले. आता 'पोझिशन होल्डवर आहे' म्हणतात, फोन पण उचलत नाहीत.

या प्रश्नावर माझा जीव तुटतो. तासगावकडची एक मुलगी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघून शनिवारी सकाळी हिंजवडीत पोचली. गळ्यात व्हिजिटरचं कार्ड अडकवून रिसेप्शनला बसवलं. दुपारी चारपर्यंत कुणी पाणी विचारलं नाही, मधे उठून डबा खावा का हेही तिला कळेना, कारण 'कधीही बोलावतील' असं सांगितलेलं. शेवटी दहा मिनिटांचा मॅनेजरचा राउंड झाला. 'सोमवारी कळवतो.' महिन्याभरानं तिनं स्वतः पोर्टल उघडलं तेव्हा नावासमोर 'निवड नाही' एवढंच होतं. मेल नाहीच. दोन ओळींचा मेल पाठवायला कंपनीला काहीच लागत नाही, आणि त्या दोन ओळींनी एका घराची महिन्याभराची घालमेल वाचते.

होल्डमागं आत काय चाललेलं असतं? क्लायंटनं प्रोजेक्टवर सही केलेली नसते. तिमाही संपता संपता भरती गोठवतात. जागा मागणारा मॅनेजरच दुसऱ्या टीमला जातो. किंवा दुसऱ्या कुणाला ऑफर दिलेली असते आणि तो नाही म्हणाला तर तुम्ही, म्हणून तुम्हाला 'नाही' सांगत नाहीत. फोन घेणारी एचआर अनेकदा स्वतःच कंत्राटावर असते आणि तिला हे बोलायची परवानगी नसते.

शेवटच्या राउंडनंतर कामाच्या पाचव्या दिवशी मेल करा, दहाव्या दिवशी दुसरा. त्यात तीनच गोष्टी विचारा: जागा अजून आहे का, निर्णय साधारण कधी, आणि तोवर दुसरी ऑफर आली तर मी कुणाला कळवू. फोनवर जे बोलणं होईल ते 'आत्ता बोलल्याप्रमाणे' असं लिहून मेलवर टाका. दुसऱ्या मेललाही उत्तर नाही आलं की शीटमध्ये तो अर्ज बंद करा. पुन्हा अर्ज करायचा असेल तर बऱ्याच कंपन्यांत सहा महिने थांबावं लागतं, ती तारीखही तिथंच लिहा.

११. वॉक-इनला (थेट इंटरव्ह्यूला) पुण्याला बोलावतात. जाण्यायेण्याचा खर्च कंपनी देते का?

फ्रेशरला, म्हणजे पहिलीच नोकरी शोधणाऱ्याला, जवळपास कधीच नाही. म्हणून निघण्यापूर्वी मेलवर विचारा: किती राउंड, त्याच दिवशी होणार का, पहिला राउंड ऑनलाइन होऊ शकतो का. ऑनलाइन मागायला संकोच करू नका, सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं आहे हे त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. मिरज-सांगलीकरांना रात्रीची महालक्ष्मी पहाटे पुण्यात सोडते, पण स्वारगेट किंवा स्टेशनहून हिंजवडीला सकाळच्या गर्दीत दीड तास धरून चला. मुलींना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीला पडतं, त्यामुळं सातारकरांना एसटीच बरी.

१२. तांत्रिक सगळं येतं, पण इंग्रजी बोलताना ततपप होतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना मी एकच गोष्ट करायला लावते: स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल तीन मिनिटं इंग्रजीत, रोज मोठ्यानं बोलायचं. इंटरव्ह्यूचा निम्मा वेळ त्याच्यावरच जातो. वाक्य अडलं तर थांबा, 'परत सांगतो' म्हणा, चालतं. उच्चारावरून मी कुणाला नाकारलेलं नाही. प्रोजेक्ट स्वतः केलेला नाही हे दिसलं म्हणून नाकारलंय.

१३. दोन कन्सल्टन्सींनी माझा रेझ्युमे एकाच कंपनीत पाठवला आणि कंपनीनं दोन्ही बाद केले. माझा काय दोष?

दोष नाही, पण नुकसान तुमचंच झालं. ज्या कन्सल्टन्सीनं (कंपन्यांना उमेदवार सुचवणाऱ्या एजन्सीनं) आधी नाव दिलं तिचा त्या उमेदवारावर काही महिने हक्क धरतात. दोघांनी दावा केला की मोबदला कुणाला द्यायचा हा वाद नको म्हणून कंपनी उमेदवारच सोडून देते. तेव्हा 'मला कंपनीचं नाव सांगितल्याशिवाय रेझ्युमे पुढं पाठवू नका' हे प्रत्येक कन्सल्टन्सीला लेखी कळवा, आणि तुमच्या शीटमध्ये (प्रश्न १) ती कंपनी आधीच आहे का ते बघून मगच होकार द्या.

१४. सिलेक्शन झालं म्हणाले. लॅपटॉपचं डिपॉझिट आणि ट्रेनिंग फी भरायला सांगतात. भरू?

एक रुपयाही नको. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, 'परत मिळतील' म्हटलं तरी. मेल कंपनीच्या खऱ्या डोमेनवरून आलाय का बघा. फसवणारे नावापुढं 'करिअर्स' किंवा 'एचआर' जोडून सारखं दिसणारं डोमेन घेतात. कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरला स्वतः फोन करून विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. पहिल्याच फेरीत आधार मागितलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

१५. पॅकेज ३.६ लाख आहे. म्हणजे महिन्याला ३० हजार ना?

नाही. घरी ३० हजार सांगून नंतर अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून हिशोब मांडते. समजा मूळ पगार १५,००० आहे आणि दहा टक्के व्हेरिएबल. महिन्याच्या ३०,००० मधून व्हेरिएबलचे ३,००० बाजूला, ते वर्षाअखेरीस कामगिरी बघून मिळतात, कधी पूर्ण मिळत नाहीत. कंपनीचा पीएफचा हिस्सा १,८००, तो पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, सुमारे ७२०. राहिले २४,४८०. यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो, फेब्रुवारीत ३००. हातात साधारण २२,४८०. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, त्यांना दोनशे जास्त. विम्याचा हप्ता पॅकेजमध्ये धरला असेल तर आणखी कमी. ऑफर स्वीकारण्यापूर्वी पगाराची फोड लेखी मागा, आणि जॉइनिंग बोनस दिसला तर तो किती महिन्यांत नोकरी सोडल्यास परत करायचा तेही वाचा.

१६. दोन वर्षांचा बाँड आहे आणि मूळ मार्कशीट जमा करायला सांगतात.

मूळ मार्कशीट देऊ नका. दाखवा, समोर तपासू द्या, परत घ्या. कोरा चेकही देऊ नका. मार्कशीट अडकवून ठेवलेल्यांना शेवटी कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडं आणि शिवाजी विद्यापीठाकडं दुय्यम प्रतीसाठी खेटे घालावे लागतात.

बाँडबद्दल मात्र 'कोर्टात टिकत नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, आणि खुल्या भरतीला लागणारा खर्च न्यायालयानं विचारात घेतला. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणं भरपाई वाजवी असावी लागते, करारातला आकडा ही कमाल मर्यादा. म्हणजे काहीच ट्रेनिंग न देणाऱ्या छोट्या कंपनीनं पाच लाख लिहिले म्हणून पाच लाख मिळतातच असं नाही. पण नोटीस येते, घरचे घाबरतात. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही ही अट वेगळी; ती कलम २७ प्रमाणं टिकत नाही. सही करण्यापूर्वी ओळखीच्या वकिलाला कागद दाखवा.

१७. कॅम्पसमधून निवड होऊन वर्ष होत आलं. जॉइनिंगची तारीख पुढंच ढकलतायत.

आधी हातात कुठला कागद आहे ते बघा. 'लेटर ऑफ इंटेंट' म्हणजे घ्यायचा विचार आहे एवढंच. ऑफर लेटरवर जॉइनिंगची तारीख आणि 'व्यवसायाच्या गरजेनुसार बदलू शकते' हे वाक्य आहे का ते शोधा, बहुतेकांत असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केलंय, पण ते कामावर घेतलेल्या माणसाला. दारात थांबलेल्याला त्याचा थेट उपयोग होत नाही.

ताकद आहे ती एकत्र येण्यात. एकाच बॅचचे सगळे मिळून टीपीओंकडं (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडं) लेखी द्या. कंपनीला पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात यायचं असतं, त्यामुळं प्लेसमेंट सेलच्या मेलला उत्तर येतं, एकट्या मुलाच्या मेलला येत नाही. पुण्यातली आयटी कर्मचाऱ्यांची संघटना 'नाइट्स' अशा लांबलेल्या जॉइनिंगच्या तक्रारी केंद्रीय कामगार मंत्रालयाकडं नेत आली आहे, तिच्याकडंही जा.

आणि थांबू नका. ठरलेल्या तारखेला महिना उलटला की मी ती ऑफर गेली असं धरून चालायला सांगते. मिळेल ते काम घ्या, सांगलीतल्या छोट्या कंपनीत का असेना. अप्रेंटिसशिप घेतली तर करार बहुधा वर्षभराचा असतो, मधे सोडायच्या अटी वाचून घ्या.

१८. घरचे रोज विचारतात, 'कधी बोलावणार?' काय सांगू?

ऑफर लेटर त्यांच्यासमोर उघडा आणि तारीख कंपनीच्या हातात आहे हे दाखवा. तुम्ही रोज काय करताय ती शीटही दाखवा. वडिलांनी आयुष्यभर साखर कारखान्यात किंवा झेडपीत नोकरी केली असेल तर 'ऑर्डर आली म्हणजे नोकरी लागली' हाच त्यांचा अनुभव असतो, त्यांचं चुकत नाही. पेढे मात्र जॉइन झाल्यावरच वाटा.

१९. सध्याच्या कंपनीत ९० दिवसांची नोटीस आहे, नवे म्हणतात महिन्यात या.

आधी नवीन कंपनीकडून सहीचं ऑफर लेटर, मगच राजीनामा. नोटीस विकत घेता येते का (म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का) ते सध्याच्या करारात बघा आणि ती रक्कम नवी कंपनी भरेल का हे विचारा, मोठ्या कंपन्या भरतात. रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) न घेता निघून जाऊ नका. त्याचे परिणाम पुढच्या उत्तरात.

२०. मी सांगलीतल्या छोट्या कंपनीत दोन वर्षं होतो. ती बंद पडली, रिलीव्हिंग लेटर नाही आणि पीएफही कापत नव्हते. अनुभव कसा सिद्ध करू?

वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ सक्तीचा नसतो, त्यामुळं पीएफ नाही म्हणजे अनुभव खोटा असं होत नाही. हे कागदपत्रं तपासणाऱ्या एजन्सीला आधीच लिहून कळवा. पगार बँकेत जमा होत असेल तर पासबुकातल्या त्या नोंदी हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. सोबत नियुक्तिपत्र, कंपनीच्या मेलवरची जुनी पत्रं, टीडीएस कापला असेल तर फॉर्म १६. कंपनी नोंदणीकृत असेल तर ती बंद झाल्याचं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं, त्याची प्रत जोडा. मालकाचा नंबर असेल तर त्यांच्याकडून सहीचं पत्र घ्या, आपल्याकडं माणसं एवढं करतात. पगार रोखीत असेल तर हे पत्र आजच घ्या, नंतर मिळणं अवघड होतं.

२१. एक जण दोन वर्षांचा अनुभव 'लावून' देतो म्हणतोय.

खोट्या अनुभवाचे कागद नकोतच. पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत प्रत्येक नोकरी तारखेसह दिसते. पकडले गेलात तर नोकरी जातेच, शिवाय मोठ्या कंपन्या नाव काळ्या यादीत टाकतात. जो पैसे घेतो त्याचं काहीच जात नाही.

२२. नवीन ऑफरवर विसंबून राजीनामा दिला आणि नव्या कंपनीनं ऑफरच मागं घेतली. आता काय?

त्याच दिवशी जुन्या मॅनेजरला फोन करा. नोटीस चालू असेल तर राजीनामा मागं घ्यायची विनंती लेखी करा. बऱ्याच ठिकाणी मान्य होते, कारण तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नसतं. नव्या कंपनीकडून ऑफर मागं घेतल्याचं कारण मेलवर मागा, फोनवर समाधान मानू नका. तुमच्या चुकीशिवाय ती मागं घेतली असेल तर त्यांच्या भरवशावर नोकरी सोडल्याचं नुकसान मागता येतं का हे वकिलाला विचारा. ऑफर लेटर, तुमचा स्वीकाराचा मेल आणि राजीनाम्याची तारीख हे तीन कागद त्यासाठी लागतात. दावा वेळखाऊ असतो, पण वकिलाच्या पत्रानंतर महिन्या-दोन महिन्यांच्या पगारावर तडजोड होऊ शकते. ज्या कंपन्यांना तुम्ही गेल्या दोन महिन्यांत नकार कळवला असेल त्यांनाही लगेच मेल करा. त्यांच्याकडची जागा कधीकधी अजून रिकामी असते.